चँडलरचा झीलकरी

दर शनिवारी सकाळी सात वाजता मी आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून लॅपटॉपपुढे उभा राहतो. उभाच. झीलकरी बसत नाही. तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. देवदत्तबुवा फेटा सारखा करतात, कॅमेऱ्याकडे वाकून बघतात आणि देवाच्या नावाआधी दर वेळी एकच वाक्य म्हणतात, "आवाज येतोय का?" मग दोनशे चौकोनांतून दोनशे अंगठे वर होतात. त्यातला एक माझा, ॲरिझोनातल्या चँडलरहून.

ज्यांनी कीर्तन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुवा पुढे उभे राहून गातात. धृपद आलं की मागचे तीन-चार जण ते उचलतात, तेवढ्यात बुवा श्वास घेतात. हे मागचे लोक म्हणजे झीलकरी. तरुणपणी पुण्यात दत्ताच्या देवळात मी हे काम केलं. नंतर नोकरीसाठी इकडे आलो, तीस वर्षं चिप बनवायच्या कारखान्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालून काढली. निवृत्त झालो त्या वर्षी बुवांचं हे ऑनलाइन कीर्तन सापडलं. पहिल्याच शनिवारी उत्साहाने झील धरली, तर माझा आवाज सांगलीला पोहोचला दीड सेकंदानं. बुवा पुढच्या चरणावर आणि मी अजून मागच्याच ओळीत. सगळी सभा हसली. बुवा मात्र हात जोडून म्हणाले, "चँडलरचे काका, भाव पोहोचला. आवाज तेवढा म्यूट करा."

या गोष्टीला सात वर्षं झाली. मी म्यूटवर असतो, पण गातो. पूर्ण गळ्यानं गातो.

"अहो, हळू!" सुनेत्रा, माझी बायको, स्वयंपाकघरातून ओरडते. "ज्यांना ऐकवायचंय त्यांना ऐकू जात नाही, आणि शेजारणीला जातंय!"

एका शनिवारी आमची लेक अनिका नाश्त्याला आली होती. इथेच जन्मलेली, एकतीस वर्षांची, जवळच टेंपीला एकटी राहते. चहाचा कप घेऊन ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तू म्यूटवर आहेस. यू नो दॅट, राइट?"

"माहीत आहे."

"मग गातोस कोणासाठी?"

"त्यांना ऐकू येत नाही म्हणून मी माझी ओळ सोडायची का?"

पुढच्या शनिवारी ती माझ्या कॉलरला शेंगदाण्याएवढा मायक्रोफोन लावून गेली. अनिकाचं कामच आवाजाचं आहे. सिनेमात पाऊल वाजतं, दार करकरतं, बशीवर चमचा टेकतो, ते सगळं ती घरी बसून जुळवते. तिनं पुढे केलेल्या कागदावर मी न वाचताच सही केली. लेकीच्या कागदाला वकील कशाला लावायचा? बुवांनाही तिनं परवानगी विचारली होती. त्यांचं उत्तर आलं, "देवाच्या नावाला परवानगी लागत नाही. घ्या."

ते काम एका बल्गेरियन सिनेमाचं होतं. गोष्ट साधी. डोंगरातल्या एका गावात औषधाचं दुकान चालवणारी बाई, आणि एका मालवाहू जहाजावरचा आचारी. दोघांची ओळख इंटरनेटवर होते, रानातले अळंबे ओळखणाऱ्या लोकांच्या एका गटात. दोन वर्षं ते एकमेकांशी बोलतात. भेटत मात्र नाहीत. सिनेमा एवढाच.

आणि त्या सिनेमाचे आवाज तिकडे जागेवर जाऊन टिपणारा माणूस होता कालिन. प्लॉवदिव्ह नावाच्या गावचा, अनिकाहून दोन वर्षांनी मोठा. तो तिकडून आवाज पाठवायचा, ही इकडे जुळवायची. आधी कामाचं बोलणं. मग कामाचं झाल्यावरचं बोलणं. मग काम नसतानाचं. दीड वर्ष असं गेलं, आणि एक दिवस सुनेत्रानं इडलीचं पीठ ढवळता ढवळता विचारलं, "अनिका, तो फोनमधला मुलगा जेवला का गं आज?" अनिका लाल झाली. आम्हाला कळायचं ते कळलं.

सुनेत्राची एकच तक्रार होती. "मान हलवतो ती हो म्हणून की नाही म्हणून, तेच समजत नाही."

"आई, त्यांच्याकडे उलटं असतं. आडवी म्हणजे हो."

"म्हणजे लग्नाचं विचारलं आणि त्यानं छान मान डोलावली, तर आपण हॉल कॅन्सल करायचा?"

ऑक्टोबरात कालिननं इकडे यायचं ठरवलं. सोफियाहून शुक्रवारी दुपारी निघून, शिकागोत रात्र काढून, शनिवारी सकाळी आठला फीनिक्सला. आधीच्या गुरुवारी संध्याकाळी पाचला अनिका आमच्याकडे आली. चेहरा उतरलेला. सोफ्यावर पाय जवळ घेऊन बसली, आणि फोन आमच्यापुढे धरला. इंग्रजीत लिहिलं होतं, येऊ नकोस, मला माफ कर. पाठवलेलं नव्हतं.

"त्याचं विमान आपल्या पहाटे चारला सुटतं," ती म्हणाली. "त्याआधी मला डिसाइड करायचंय."

"भांडलात?" सुनेत्रानं विचारलं.

"नाही गं. भांडलो असतो तर सोपं होतं." ती शब्द शोधत होती, मराठीत मिळाला नाही की इंग्रजीत जात होती. "मला त्याचा चेहरा माहीत आहे, आवाज माहीत आहे. पण तो चालतो कसा, खोलीत आला की खोली कशी होते, हे मला माहीतच नाही. व्हॉट इफ तो आला आणि मला वाटलं, हा तो नाहीच? मग हे दीड वर्ष पण जाईल, बाबा. आत्ता निदान ते आहे."

मी इतकी कीर्तनं ऐकली, त्यातलं एक वाक्य त्या वेळी आठवेल तर शपथ.

"सिनेमा पूर्ण झालाय," ती थोड्या वेळानं म्हणाली. "काल त्यानं लिंक पाठवली. शेवटचं मिक्सिंग त्यानं एकट्यानंच केलंय, मीपण ऐकलं नाहीये अजून. लिहिलंय, बाबांबरोबर बघ."

पश्चिमेकडून ऊन थेट टीव्हीवर येत होतं. सुनेत्रानं पडदे ओढले. आम्ही तिघं बसलो.

सिनेमा हळू चालतो. धुकं, काचेच्या बाटल्या, बाईचे हात. मग समुद्र, जहाजाचं अरुंद स्वयंपाकघर, आचारी कांदे चिरतोय. आणि एकदम कुकरची शिट्टी झाली. सुनेत्रा सवयीनं उठायला लागली आणि थांबली.

"हा माझा कुकर आहे," ती म्हणाली.

"हो," अनिका म्हणाली. "बाबांच्या मायक्रोफोनमध्ये मागून आला होता."

त्या जहाजावर एक भारतीय खलाशी आहे. संध्याकाळी तो आपल्या खोलीत फोन भिंतीला टेकवून उभा राहतो. फोनमधून बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज येतो, "आवाज येतोय का?" माझे बुवा! काळ्या समुद्राच्या मधोमध, माझे बुवा! मग खलाशी तोंड उघडतो आणि माझ्या आवाजात गायला लागतो.

आचारी दारातून बघतो आणि त्याला काहीतरी विचारतो. खलाशी उत्तर देतो. खाली इंग्रजी अक्षरं उमटली. त्यांना ऐकू येत नाही म्हणून मी माझी ओळ सोडायची का?

मी अनिकाकडे पाहिलं. "हे तू सांगितलंस त्याला?"

"एकदाच. सहज," ती म्हणाली.

पुढचं कसं सांगू? मी इंजिनियर माणूस, अतिशयोक्ती करायची सवय नाही. फोनमधला तो बारीक आवाज रुंद होत गेला. आधी बुवांच्या आवाजाला पोट आलं. मग पेटी वेगळी झाली, टाळ डावीकडे गेले, वर कुठेतरी पंख्याची घरघर आली, समोर बसलेल्या माणसांची हालचाल आली. सांगलीचा अख्खा सभामंडप आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला. बुवांनी धृपद म्हटलं आणि सोडलं. मागच्या चौघांनी श्वास घेतला, तो श्वास मला ऐकू आला. चौघांचा नाही, पाचांचा. पाचवा माझा होता. आणि आम्ही पाचांनी मिळून ओळ उचलली.

सात वर्षांत पहिल्यांदा मी बुवांच्या मागे उभा होतो. दीड सेकंद मागे नाही. पाठीमागे, हात लांब केला तर उपरण्याला लागेल इतका जवळ. मी कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही.

आणि तेवढ्यात त्या मंडपात, टाळांच्या वर, स्वच्छ आवाज आला, "अहो, हळू!"

सुनेत्रानं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! हेसुद्धा ठेवलं त्यानं? काढायचं नाही का?"

अनिकानं रिमोटनं चित्र थांबवलं. ती रडत होती, पण आवाज कामावरचा होता. "बाबा, हे मशीन नाही करत. तुला नेटवरून जे ऐकू येतं ते तुटतं, मागेपुढे होतं, त्यावर गातोस म्हणून तुझी लय सरकते. त्यानं सांगलीचं ओरिजिनल रेकॉर्डिंग मिळवलं आणि तुझा एकेक शब्द कापून हातानं त्यात बसवला. त्याला मराठी येत नाही. कुठे शब्द संपतो हे त्याला नुसतं ऐकून शोधावं लागलं असणार. महिने लागले असतील." नाक पुसून ती म्हणाली, "आणि श्वास. श्वास आम्ही सगळे काढून टाकतो. त्यानं तुझा श्वास त्यांच्या श्वासाशी जुळवला."

मला देवळात बसल्यासारखं वाटत होतं. एक परका मुलगा, आमचा देव त्याला ठाऊक नाही, आमची भाषा त्याला ठाऊक नाही, आणि त्यानं माझ्यासाठी मंडपात जागा केली होती.

"पाठवू का मेसेज?" अनिकानं मला विचारलं. खरंच विचारलं. फोन हातात होता.

मी उत्तर द्यायच्या आत सुनेत्रा बोलली. "त्यांना काय विचारतेस? तुझे बाबा तुझ्यासारखेच. मागच्या डिसेंबरात आम्ही पुण्यात होतो. सांगली किती लांब? सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोहोचतो माणूस. तर हे पुण्यात, माझ्या भावाच्या घरी, लॅपटॉप उघडून उभे! म्यूटवर! त्याच्या आधीच्या खेपेलाही तेच."

"गाडीची सोय होत नव्हती," मी म्हणालो.

"राजीव," ती म्हणाली. ती मला नावानं वर्षातून दोनदा हाक मारते.

मग मी खरं सांगितलं. "भीती वाटली. वाटलं, समोर गेलो आणि बुवा साधेच निघाले तर? चिडके निघाले, घाईत असले, 'कोण चँडलर?' म्हणाले तर? मग शनिवारी सकाळी मी कशापुढे उभा राहू?"

अनिका माझ्याकडे बघत राहिली. "तू कधी सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं आहे का ते? पुण्याला जाऊन परत आलो आणि भेटलो नाही. दोनदा. अजून छातीत टोचतं." मी खाली बसलो. "मी तुला जा म्हणत नाही, नको म्हणत नाही. एवढंच सांगतो, मी न भेटून जे वाचवलं, ते काही वाचल्यासारखं वाटत नाही."

तिनं फोन उचलला. अंगठा बराच वेळ तसाच धरला. मग एकेक अक्षर मागे घेत सगळं पुसलं. आणि म्हणाली, "पण मी एकटी नाही जाणार. तुम्ही दोघं चला."

"शनिवारी आठला?" मी म्हणालो.

"हं. आता सुचेल यांना कीर्तन," सुनेत्रा म्हणाली.

कीर्तनातून मध्येच उठू नये, ही माझ्या आईची शिकवण, आणि मी साठ वर्षं पाळलेली. शनिवारी सातला उभा राहिलो. साडेसातला पूर्वरंग ऐन रंगात होता, आणि मी चॅटमध्ये लिहिलं, "बुवा, क्षमा. लेकीचा पाहुणा येतोय, विमानतळावर निघालो." बुवांनी चष्मा लावून ते वाचलं आणि गाणं थांबवून म्हणाले, "निघा, काका. आमच्याकडून त्याला बुक्का लावा." बघा! आणि मी या माणसाला घाबरत होतो. बुक्क्याची डबी खिशात टाकली.

विमानतळावर लोक बाहेर येतात त्या दारासमोर आम्ही उभे राहिलो. अनिका पुढे, आम्ही दोघं दोन पावलं मागे. ती सारखी केस कानामागे घेत होती. दार उघडायचं, मिटायचं.

मग तो आला. उंच, पाठीवर बॅग, एक पाय किंचित फाकवून चालणारा. मी मनात म्हटलं, हं, असा चालतो. तिनंही तेच म्हटलं असणार. दोन हातांवर येऊन तो थांबला.

"हाय," अनिका म्हणाली.

तो काही बोलला नाही. एक सेकंद. दीड. मग तो म्हणाला, "हाय." आता ती गप्प. पुन्हा तेवढाच वेळ. मी झीलकरी आहे, मला मात्रा मोजायची सवय आहे, मी मोजलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दीड वर्ष दोघांनी समुद्रापलीकडून बोलणं पोहोचायची वाट पाहिली होती. समोरासमोर उभे होते, तरी एकमेकांसाठी तेवढी जागा सोडत होते. कोणीही दुसऱ्याच्या शब्दावर आपला शब्द टाकत नव्हतं. इतकं सांभाळून बोललेलं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

सुनेत्रानं माझा दंड धरला. "काय झालं? आवडली नाहीत का एकमेकांना?"

"श्शू," मी म्हटलं.

तो जरा वाकला, आमचे बुवा कॅमेऱ्याकडे वाकतात तसा, आणि एकेक अक्षर जपून ठेवत त्यानं मराठीत विचारलं, "आवाज येतोय का?"

महिनोन्महिने त्या रेकॉर्डिंगांची सुरुवात ऐकून ऐकून त्याला आलेलं बहुधा ते एकच मराठी वाक्य.

अनिका हसली. थांबली, तेवढाच वेळ. मग तिनं अंगठा वर केला, आणि दोघांमधलं ते दोन हातांचं अंतर तिनं चालून संपवलं.

त्यांना एकमेकांच्या खांद्यावरून वर बघायला वेळ लागला. तोवर मी डबी उघडून, बोटाला बुक्का लावून, मागे उभा होतो. सुनेत्राला डोळे पुसायला पदर नव्हता, म्हणून तिनं माझी बाही वापरली.