ताकदीची पांढरी पिशवी

पार्बताबाई रविवारपर्यंत उठून बसल्या असत्या, तर मनोजच्या पदरात बरंच पडलं असतं. अंजनगावातल्या फुलांच्या नव्या दुकानाची फीत आईच्या हातून कापायची, फोटो निघायचे आणि सोयऱ्यांनी म्हणायचं, पोरगा असावा तर असा! मित्रांनो, आईच्या खाटेशी उभं राहून तो फोनवर सगळ्यांना हेच सांगायचा. ऐकायला मी होतोच. मी अमरावतीच्या एका दवाखान्यातला सलाईनचा जुना स्टँड.

नवा होतो तेव्हा चकचकीत होतो. आता माझं एक चाक अडतं, लोक माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. त्याचं काही नाही. मला किळस येते ती भेटायला येणाऱ्यांची. रोग्याआधी ते माझ्याकडे पाहतात. "किती बाटल्या लागल्या?" बाटल्या जास्त, तेवढी माया जास्त!

पार्बताबाईंच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी कित्येक दिवस पोटात अन्न ठरलं नव्हतं. म्हणून शिरेतून अन्न देणारी पांढरी पिशवी माझ्यावर टांगली, थेंब अगदी सावकाश सोडले. डॉक्टर शैलाबाईंनी मनोजला बजावलं होतं, "उपाशी शरीराला एकदम अन्न मिळालं की ते रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ओढून घेतं. रक्तात ते कमी पडलं की श्वास आणि हृदय अडखळतं. रोज रक्त तपासू, कमी असेल ते भरू, मगच वेग वाढवू."

मनोजनं मान डोलावली. संध्याकाळी त्याचे सासरे रामराव आले. मला न्याहाळून म्हणाले, "काहून जावईबापू, थेंब थेंब काहून सोडून राहिले हे लोक? अशानं इहीनबाई कवा उठतीन?"

"मले बी तेच वाटते, मामाजी." मनोजनं नळीवरचं थेंबांचा वेग ठरवणारं चाक सरकवून पार मोकळं केलं.

"राहू दे ना बाप्पा, मले घाई नाई," पार्बताबाई म्हणाल्या.

"तुले काय समजते माय? रविवारी फीत कापाची हाय!"

रूपाली सिस्टर फेरीला आल्या, तोवर दिवसभर पुरायची पिशवी रिकामी झाली होती.

"चाकाला कोणी हात लावला?"

"आमी? नाई बा," मनोज म्हणाला. रामराव छताकडे पाहत होते. थू!

सिस्टरनं डॉक्टरांना बोलावलं, रक्त तपासायला धाडलं. पार्बताबाईंचे हात लुळे पडत चालले, श्वास तुटू लागला. रक्तातलं जे आटलं होतं ते भरायची धडपड झाली, पण हृदय थांबायचं ते थांबलंच.

मित्रांनो, रोग्यापाशी बसा, त्याचा हात धरा. पण त्या चाकाला हात लावू नका. लावलाच, तर निदान खरं बोला.

व्हरांड्यात सोयरे म्हणत होते, "मनोजनं काई कमी केलं नाई. सिस्टरचंच ध्यान नव्हतं." शाबासकी मनोजला मिळाली, बोलणी रूपाली सिस्टरनं खाल्ली. किंमत पार्बताबाईंनी मोजली.