कोसमटेकडीचं तीर्थ

"थांबली! मायनं गाडी धरली!"

कोसमटेकडीच्या चढावावर ठेकेदाराची जीप दोन आचके देऊन बंद पडली आणि तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या पन्नास-साठ बायामाणसांनी रस्त्यातच हात जोडले. अहेरीला जाणारी पेट्रोलची गाडी दुपारी इथं हटकून बंद पडायची; टेकडीची माय, म्हणजे देवी, ती धरते असं लोक मानायचे. मग मोहाच्या झाडाखालचे भभूतीबाबा नारळ फोडायचे, डोळे मिटून इंजिनावर कुंकवाचं तीर्थ ओतायचे आणि गाडी सुरू व्हायची! चौऱ्याऐंशी सालच्या त्या मे महिन्यात बाबांच्या झेंड्याला ओटासुद्धा बांधून झाला होता.

मागच्या सीटवर नर्स इंदुताईंच्या मांडीवर डोकं ठेवून रुखमा कण्हत होती. पहिलंच बाळंतपण, कालपासून अडलेलं, त्यात मूल आडवं. वेळेत अहेरीचा दवाखाना गाठला नाही तर दोन जीव जाणार, हे इंदुताईंना स्वच्छ दिसत होतं.

बाबांनी मात्र आज बेत मोठा मांडला. "गाडीत इटाळ हाय! नारळावर भागत नाई. काळी कोंबडी आना, मंग माय सोडन!"

ड्रायव्हर हरिदास गावाकडे निघालासुद्धा. "आलोच बाई. अर्धा कोस तं हाय."

इंदुताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थांबा, हरिदासभाऊ! सकाळी मले घ्याले इथूनच आले ना? तवा धरली होती का मायनं?"

"नाई जी."

"हिवाळ्यात?"

हरिदासनं डोकं खाजवलं. "एकदाबी नाई."

"मंग माय काय भर उन्हातच जागी असते? बॉनेट उघडा!"

सगळं इंजिन तेलानं आणि धुळीनं काळं होतं. फक्त इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या मुठीएवढ्या पंपावर कुंकवाचे थरावर थर बसले होते. महिनाभर बाबांचे डोळे मिटलेले असायचे, पण धार बरोबर एकाच जागी पडायची. इंदुताईंनी रुखमाच्या पिण्याच्या पाण्याचा डबा उचलला आणि त्या पंपावर तिरपा केला.

"अवो बाई, पंपाच्या काचेच्या वाटीवर एकदम नोका टाकू!" बाबा किंचाळले. "तडकन ना ते! फडकं ओलं करून गुंडाळा!"

डोक्यावरचा तेंदूच्या पानांचा भारा खाली टाकून म्हाताऱ्या अंजनाबाई पुढं आल्या. "काऊन जी महाराज, वाटी कुठी असते, हे तुमाले कोनं सांगतलं? मायनं?"

बाबांची बोबडी वळली. "चांद्याले... दहा साल क्लिनर होतो मी."

"मंग क्लिनरचं काम करा," इंदुताईंनी ओलं फडकं त्यांच्या हातात कोंबलं, "अन् काय करून राह्यले ते या लोकाईले सांगा."

फडकं गुंडाळत बाबा पुटपुटले, "उन्हानं अन् चढावानं इंजिन तापते. नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. वाफ झाली का पंप ओढत नाई. थंड केलं का चालू."

"मोठ्यानं!" अंजनाबाई ओरडल्या. बाबांना ते सगळं पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं.

फडकं तीनदा भिजवल्यावर इंजिन धडधडलं. त्या दिवशी पहिल्यांदाच बंद पडलेली गाडी नारळ न फोडता टेकडी चढली.

दवाखान्यात पोट फाडून मुलगी काढली. मायलेकी दोघी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं." कोंबडीला तर तासभर लागला असता. इंदुताई बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडल्या.

दुसऱ्या दुपारी टेकडीवर आणखी एक जीप बंद पडली. मोहाखाली बाबा नव्हते. अंजनाबाईंनी डोक्यावरचा पाण्याचा पितळी गुंड उतरवला, त्याखालची चुंबळ सोडून भिजवली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "उघड रे बाबू, पाहू दे."

अंजनाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. तुम्हाआम्हाला येतं. तेव्हा कुठलाही चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याच हातांनी बॉनेट उघडून पाहावं. दरम्यान गाडीत कोणीतरी कण्हत असतं.