न भरणारी टाकी

"आधी हातपाय धू, मंग पिठात हात घाल. नालीचा वास भाकरीला लागंल," नर्मदाबाई पुटपुटली. तिचं पुटपुटणं असं, की ते बरोब्बर सुनेच्या कानापर्यंत पोचावं.

सत्यशीला न्हाणीकडं वळली. सासूचं खोटं नव्हतं. दोन महिन्यांपासून गाळणीवर जाऊन आलं की पदरालासुद्धा वास यायचा.

गाळण म्हणजे वाडीच्या खालच्या अंगाला बायांच्या गटानं केलेला लांबट खड्डा. तळाला दगड, वर खडी, त्यावर वाळू आणि वाळूत कर्दळ. सगळ्या घरांचं न्हाणीचं, धुण्याभांड्याचं पाणी नालीनं इथं यायचं आणि पलीकडून नितळ होऊन शाळेच्या वांग्यांना जायचं. कर्दळ पहिल्यांदा फुलली तेव्हा लेकराचे दात बघायला जावं तशी सत्यशीला रोज ती फुलं बघायला जायची.

आता पानं पिवळी पडली होती, वाळूवर काळा थर बसला होता. घाण येते कुठून, म्हणून एका सकाळी ती नालीच्या कडेकडेनं वर चालत गेली, आणि पोचली ती आपल्याच परसात. लिंबाच्या मुळाशी, मातीआड, संडासाच्या टाकीतून निघालेला पाइप थेट नालीत उतरला होता. दोन वर्षं गाळणीनं ते सोसलं. आता तिचं पोट गच्च झालं होतं.

सत्यशीलाचा सासरा ज्ञानबा पारावर बसून सांगायचा, "बारा वर्षं झाली, आमची टाकी एकदा भरली न्हाई. बांधकाम असं पाह्यजे!" ऐकणारे मान डोलवत आणि मिशीत हसत. टाकी का भरत नाही ते वाडीतल्या शेरडांनासुद्धा माहीत होतं; सुनेलाच काय ते आत्ता कळलं. पण अर्ध्या वाडीच्या सोयरिकी ज्ञानबानंच जुळवलेल्या. बोलणार कोण? सुनेनं तर कोणत्या तोंडानं बोलावं?

रविवारी सकाळी गाळणीपायी शाळेपुढं बैठक बसली.

"बुजवून टाका ती गाळण," पंचायतीचा मेंबर प्रभू म्हणाला. "डासांचं माहेर झालंय."

"खालच्या गल्लीतून मटनाचं पाणी येऊन राहिलं, त्यानंच नासली," मागून कुणीतरी बोललं.

सगळ्यांच्या माना चाँदबीकडं वळल्या. ती त्याच गल्लीतली, पण गटातलीच. खडीच्या पाट्या तिनं आणि सत्यशीलानं जोडीनं वाहिलेल्या.

"बराबर हाय," चाँदबी म्हणाली. "आमच्याकडं बकरा कटतो वर्षात दोनदा, अन् गाळण नासते रोज. लईच ताकदीचा बकरा म्हणायचा!"

हशा पिकला. चाँदबी मात्र हसली नाही. तिनं सत्यशीलाकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. हिलाही सगळं माहीत होतं, आणि मैत्रिणीसाठी ही बोलणी खाऊन घेत होती.

"मंग ठरलं," प्रभू म्हणाला. "उद्या जेसीबी येतो. मुरूम लोटून देऊ."

सत्यशीला उठून उभी राहिली. "थांबा," एवढंच तोंडातून निघालं. मग तिनं सासऱ्याकडं पाहिलं. ज्ञानबा आपल्या वहाणेकडं पाहत होता, जणू ती आजच पायात घातली.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून ओळखीचं पुटपुटणं आलं.

"चाँदबीवर काहून ढकलता?"

नर्मदाबाईच. या खेपेला मात्र तिचं पुटपुटणं पार शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं.

"अवं, बस खाली," ज्ञानबा हळूच म्हणाला.

"बारा वर्षं बसूनच हाय की मी." तिनं डोईवरचा पदर सारखा केला, सुनेच्या शेजारी येऊन उभी राहिली. "सून रोज नाली उपसून येती अन् मी तिलाच वास येतो म्हणती. प्रभू, जेसीबी आणायचाच हाय तर आमच्या परसात आण, शोषखड्डा खांदायला. आमची टाकी भरत न्हाई, कारण तिचा पाइप आमी नालीत सोडलाय."