निजपट

"डावा डोळा आधी काढ. हात मधे थांबवू नको. अन् तू तिच्याकडं बघू नको, तिला तुझ्याकडं बघू दे."

थोरल्या जाऊबाईंचे, अक्कांचे ते जुने शब्द कानात असतानाच प्रेमलाबाईंनी पटाची वरची काठी भिंतीवरून उतरवली. खालची काठी शिवरंजनीनं धरली होती. दोघींनी मिळून तो चितारलेला कापडी पट हळूहळू आडवा केला आणि टेबलावर अंथरलेल्या मऊ कागदावर ठेवला. ठेवताना रंगाचा एक कण सुटून कागदावर पडला. तांबडा, मोहरीपेक्षाही लहान. प्रेमलाबाईंनी तो बोटाच्या टोकावर उचलला आणि आता ठेवावा कुठं हे न कळून तशाच उभ्या राहिल्या.

"काकू, इकडं द्या." शिवरंजनीनं एक चिमुकली डबी पुढं केली. "यातलं काहीच टाकायचं नसतं."

ही लोहारा गावची मुलगी पुण्यातल्या एका संस्थेत जुन्या चित्रांचे बारीक फोटो घेण्याचं काम करायची. प्रेमलाबाईंच्या मुलानं, शौनकनं, तिला तुळजापूरला पाठवलं होतं. पट इतका जीर्ण झाला होता की यंदाचं नवरात्र त्याला सोसलं नसतं. त्याची हुबेहूब नक्कल सुती कापडावर छापून पूजेत ठेवायची आणि मूळ पट पेटीत जपायचा, असं ठरलं होतं.

"म्हणजे देवी पेटीत अन् झेरॉक्स भिंतीवर," प्रेमलाबाईंचे यजमान राघवेंद्रराव खुर्चीतून म्हणाले. शाळेतून निवृत्त होऊनही प्रत्येक वाक्यावर शेरा मारायची त्यांची सवय गेली नव्हती.

"काका, झेरॉक्स म्हणून हिणवू नका. तुमच्या पटावर माशी बसून गेली असंल तर तिचे पायसुद्धा येतील यात."

"माशी वगळ बाई. तिला नैवेद्य कोण दाखवणार?"

प्रेमलाबाई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष देवीच्या चेहऱ्याकडं होतं. चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसते करडे डाग होते. नवरात्राआधी गावात देवीची निद्रा सुरू झाली की या घरातही पटावरचे डोळे ओल्या कापसानं पुसत. घटस्थापनेला घरची सून तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळानं ते पुन्हा काढी. आल्यागेल्याला राघवेंद्रराव समजावून सांगत, हा निजपट. निज म्हणजे स्वतःचं. हे देवीचं निजरूप, म्हणून चिताऱ्यानं डोळे काढले नाहीत, ते घरच्या सुनेसाठी सोडले.

शिवरंजनी भिंगातून पाहत होती.

"राग मानू नका काकू. पण चेहरा गेलाय तो या पुसण्यानंच. अजून एकदा पाणी लागलं तर खाली नुसतं कापड राहील."

प्रेमलाबाईंनी हात पदराखाली घेतले. सून होऊन आल्यापासून त्यांनी हे काम निरंकार उपासानं केलं होतं. डोळे काढून होईपर्यंत तोंडातून शब्दसुद्धा काढला नव्हता. आज मंगळवार, आजही पोटात काही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. कळंबहून अक्का बोलत होत्या.

"आली का ती पोरगी यंत्र घेऊन?"

"आलीय अक्का. आत्ताच पट उतरवला."

"डावा डोळा बघाय सांग तिला. नीट बघ म्हणावं."

प्रेमलाबाई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. डोळे काढायचा मान आधी अक्कांचा होता. एका घटस्थापनेला त्यांनी काढलेला डावा डोळा मिटल्यासारखा दिसला. भरल्या घरात धाकटे दीर राघवेंद्र हसत म्हणाले, "वहिनींनी देवीचा डोळा मिटवला." सगळे हसले, अक्काही हसल्या. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी अक्कांचं चार वर्षांचं लेकरू तापानं गेलं. नंतर कुणी त्या डोळ्याचं नाव काढलं नाही. काढायची गरजच राहिली नाही. पुढच्या वर्षी प्रेमलाबाई नवी सून म्हणून घरात आल्या आणि अक्कांनी काजळाची डबी त्यांच्या हातात ठेवली. पती गेल्यावर अक्का कळंबला भावाकडं राहायला गेल्या. नवरात्रात मात्र पुन्हा कधी या घरात आल्या नाहीत.

"प्रेमला, ऐकतीस का?"

"ऐकते ना."

"काय दिसंल ते मला सांग. फोनवर नको, इथं येऊन सांग. अन् माझ्या समाधानासाठी म्हणून गोड खोटं सांगू नको. लई ऐकलं तसलं."

"मी स्वतः येऊन सांगते अक्का. जे असंल ते."

बाहेर शिवरंजनीनं खिडक्या लावून घेतल्या होत्या. उभ्या दांडीवरचा कॅमेरा पटावर वाकून वीत-वीतभर पुढं सरकत होता. पटाचे लहान लहान तुकडे टिपून तो संगणकाच्या पडद्यावर जोडत होता. मग तिनं वरचे दिवे मालवले आणि एकच दिवा टेबलालगत आडवा ठेवला.

"आता उजेड बाजूनं येऊ द्यायचा. उन्हं कलली की रानातल्या सऱ्या कशा उठून दिसतात, तसं."

पडद्यावर चेहरा आला. इतका मोठा की प्रेमलाबाई एक पाऊल मागं सरल्या. करड्या डागांतून एक कड वर आली होती. खाली झुकलेली कमान, आणि तिच्या काठाला खाली वळलेल्या बारीक रेघा. उजव्या बाजूलाही तसंच.

"काजळाचे थर असतील," राघवेंद्रराव जवळ येत म्हणाले.

"काजळाला अशी उंची नसते काका. हे चिताऱ्यानं घट्ट रंगानं काढलंय. काजळ याच्यावरचं." तिनं पडद्यावरच्या कमानीवर बोट ठेवलं. "पापण्या आहेत या. मिटलेल्या."

शिवरंजनीनं चित्र सरकवलं. देवीच्या डोक्यामागची, सगळे जिला प्रभावळ म्हणत ती, पडद्यावर आली. तिच्या कोपऱ्यांवरच्या कमळकळ्यांना आता पीळ दिसत होता, रेशमाच्या गोंड्यांना असतो तसा. प्रेमलाबाई टेबलाला वळसा घालून उशाशी गेल्या. पट आजवर त्यांनी उभाच पाहिला होता. आडवा पडलेला पहिल्यांदाच पाहत होत्या.

"उशी आहे," त्या म्हणाल्या.

"उशीच आहे काकू."

"निजपट," प्रेमलाबाई पुटपुटल्या. पाळण्याशेजारी बोलावं तितक्या हळू.

राघवेंद्ररावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि तो डोळ्यांवर न चढवता तसाच हातात धरून ठेवला.

"डाव्या डोळ्याचं काय?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"तिथं रंग जास्त झिजलाय. कधीतरी पुसताना मूळ पापणी उघडी पडली असणार. मग वरून कितीही चांगला डोळा काढला तरी ती आतून दिसणार."

"मिटल्यासारखा दिसला असंल."

"दिसणारच की. मिटलेलाच आहे."

राघवेंद्रराव खिडकीशी गेले. बंद खिडकीची कडी त्यांनी उघडली, पुन्हा लावली.

"हे घराबाहेर जाता कामा नये," ते म्हणाले. "लोक लांबून येतात आपल्याकडं. त्यांना काय सांगायचं? की निजलेल्या देवीपुढं पिढ्यान् पिढ्या झांजा बडवल्या आम्ही? शिवरंजनी, तू उघडेच डोळे छाप. जुन्या फोटोत आहेत तसे."

"दोन्ही जमतं काका. उघडे छापते, नाहीतर चिताऱ्याचे आहेत तसे ठेवते. पण उद्यापर्यंत सांगा. घटस्थापनेच्या आत कापड हातात पडायला हवं." बोलणं काकांशी होतं, पण ती प्रेमलाबाईंकडं पाहत होती.

प्रेमलाबाई देवघरापाशी गेल्या. वात ठीक होती, तरी त्यांनी ती सारखी केली. इतक्या वर्षांचे उपास, ते मौन, तो न थरथरणारा हात. देवीला जागं व्हायचं होतं की नव्हतं, हे कुणी तिला विचारलं नव्हतं. देवीपुढं जोडायला गेलेले हात मधेच थांबले. मग त्यांनी ते जोडले.

"छापायचं ते अक्कांना विचारून," मागं न वळता त्या म्हणाल्या.

"वहिनींना? त्यांचा आता काय संबंध?"

"डोळे त्यांचे होते. माझ्याकडं नुसते सांभाळायला दिलेले."

"मग फोन लाव."

"फोनवर नको म्हणाल्यात."

त्यांनी पिशवीत पाण्याची बाटली ठेवली, देवीपुढची दोन केळी ठेवली. शिवरंजनी दारापर्यंत आली.

"फोटो मोबाईलवर पाठवू का काकू? दाखवायला?"

"पाठव. पण आधी मी तोंडानं सांगीन."

प्रेमलाबाईंनी एका पायात चप्पल घातली तेव्हा राघवेंद्रराव आतून उंबऱ्याशी आले.

"वहिनींना सांग..."

त्या थांबल्या. एक पाय चपलेत, एक फरशीवर. गल्लीतून कुणीतरी कुंकवाचा भाव ओरडत गेलं. राघवेंद्ररावांच्या हातात चष्मा अजून तसाच होता.

"काय सांगू?"

"धाराशिवला गाडी बदलावी लागंल," ते म्हणाले. "तिथं गर्दी असती या दिवसांत."

"व्हय."

आणखी काही येतं का म्हणून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग दुसरी चप्पल घातली, डोक्यावरून पदर घेतला. गल्लीत माणसांचा लोंढा देवळाकडं चढत होता. त्याला वाट देत, भिंतीच्या कडेकडेनं, प्रेमलाबाई स्टँडच्या दिशेनं उतरू लागल्या.