शंखाची चौकट

शंखांचे सरळ दोन गट पडले तेव्हा तिचा आनंद गगनात मावेना. किनाऱ्यावरच्या गोगलगायी एका नव्हे, दोन प्रकारच्या आहेत, हे तिच्या प्रबंधाचं म्हणणं. ते टिकलं तरच प्रबंध टिकणार होता. लांबी, रुंदी, उंची, तोंड, सगळी मापं तिने कॉम्प्युटरला दिली, आणि सारख्याला सारखं जोडत जाणाऱ्या पद्धतीने दोन ढीग स्वच्छ वेगळे करून दाखवले.

पण तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणजे जुनं खोड. "एका साक्षीदारावर मी निकाल देत नाही. दुसऱ्या पद्धतीने बघ, मग बोलू."

ही दुसरी पद्धत गट पाडत नाही. फरक मुळात कोणत्या मापांतून येतो ते दाखवते. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने ती चालवली आणि घोडं कुठे पेंड खातंय ते लगेच कळलं. बाकी सगळ्या मापांत दोन्ही ढीग सारखे; फरक एकट्या तोंडाचा. आणि मोठ्या तोंडाचे झाडून सगळे शंख नवऱ्याने मोजलेले.

नवरा सुतार. बायकोला हातभार म्हणून निम्मे शंख त्याने हौसेने मोजून दिले होते.

"तोंड कुठून कुठपर्यंत मोजलंस?"

"बाहेरून बाहेर. दाराची चौकट तशीच मोजतात."

"मी आतून आत मोजलंय."

"मग दार बसायचं नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

तिला रडू यायला हवं होतं, आलं हसू. एवढा खटाटोप करून तिने शोधून काय काढलं, तर स्वतःचा नवरा.

"परत मोजू सगळे," तो ओशाळून म्हणाला. "आतून आणि बाहेरूनही. मग चौकट किती जाड तेही कळतं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. शंखाच्या काठाची जाडी मोजावी हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढे बरेच दिवस त्या टेबलावर कुणी जेवलं नाही. सगळी मापं हाती आल्यावर तिने दोन्ही पद्धती पुन्हा चालवल्या. पहिलीने दोन गट पाडले, दुसरीने काठाकडे बोट दाखवलं. कुणी काय मोजलं याचा आता काही संबंध उरला नव्हता. एकाच खडकावर, शेजारी शेजारी, जाड काठाच्या आणि पातळ काठाच्या गोगलगायी सुखाने नांदत होत्या.

मॅडमनी कागद दोनदा वाचले आणि सही केली.

तिने बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. "दोन्ही पद्धती जुळल्या."

पलीकडे रंध्याचा आवाज थांबला.

"म्हणजे दार बसलं," तो म्हणाला, आणि तेव्हाचं राहिलेलं रडू तिला आत्ता आलं.