तीन म्हटल्यावर

"सिस्टर, अजून थोडं मागे. तुमची सावली पडतेय टेबलावर," मंत्रिसाहेबांच्या पत्नी, वहिनी, मोबाइल लावता लावता म्हणाल्या.

सिस्टर सरकत सरकत दाराच्या पडद्याला टेकली. आज परीक्षा जणू तिचीच होती. होतीच म्हणा.

मंत्रिसाहेबांच्या घरातलं रोजचं जगणं मोबाइलवर बघायला लाखभर माणसं येत. साहेब झाडांना पाणी घालताना, वहिनी कुत्र्याला आंघोळ घालताना, कुत्रा वहिनींना आंघोळ घालताना. आज मात्र सगळं थेट दिसणार होतं, आणि आज आबा स्वतःच्या हाताने चहा पिणार होते.

आबा म्हणजे साहेबांचे वडील. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. तेव्हापासून सिस्टर त्यांच्याकडे दिवसपाळीला होती. आधी रिकामा कप, मग त्यात दोन चमचे पाणी, मग दर आठवड्याला एकेक चमचा जास्त. हाताने ऐकावं म्हणून ती मोजायची, "एक... दोन... तीन!" तीन म्हटलं की उचलायचं. गेल्या मंगळवारी भरलेला कप थेंबही न सांडता ओठांपर्यंत पोचला, तेव्हा तिने टाळ्या पिटल्या होत्या आणि आबांनी डाव्या हाताने मांडीवर थापा मारून तिला साथ दिली होती.

सकाळीच तिने आईला फोन केला होता. "बरोबर नऊला हं!"

"अगं, शेजारपाजार सगळा गोळा केलाय मी. तू दिसशील ना पण?"

"मला काय बघायचंय? आबांचा हात बघ."

आता नऊला एक मिनिट कमी होतं. "वहिनी, मोजू ना मी?"

"छे हो सिस्टर, दवाखान्यासारखं वाटेल. घरगुती दिसायला हवं. तुम्ही एक शब्द बोलू नका."

"पण त्यांना सवय..."

"शू! सुरू झालं."

साहेब हसले. "नमस्कार मंडळी! आज सकाळचा चहा आमच्या आबांबरोबर. आबा, घ्या."

आबांनी कपाच्या कानात बोटं घातली आणि ते थांबले.

मोबाइलवर बघणाऱ्यांचा आकडा चार हजारांवरून सहा हजारांवर गेला. साहेबांचं हसू ओठांवरच राहिलं. "घ्या ना, आबा." आबांची नजर पडद्याकडे, सिस्टरकडे वळली. हात थरथरू लागला, चहा बशीत सांडला. साहेबांनी कप धरायला हात पुढे केला.

एवढ्या लोकांसमोर आबांच्या हातातून कप काढून घेतला, तर ते पुन्हा कपाला हात लावणार नव्हते. आठ महिन्यांत तेवढं तरी सिस्टरने त्यांना ओळखलं होतं.

"एक!"

वहिनींनी डोळे वटारले.

"दोन! ... तीन!"

कप वर गेला. आबांनी एक घोट घेतला, मग दुसरा, आणि चांगला फुर्रर्र आवाज करत तिसरा. मोबाइलवर लाल बदामांचा पाऊस सुरू झाला. साहेबांचे डोळे खरोखरच भरून आले. वटारलेले डोळे वहिनींनी पदराला पुसले. पडद्याजवळ सिस्टर उड्या मारायचीच काय ती बाकी होती.

पाच मिनिटांत आईचा फोन. "तुझाच आवाज गं! मी सगळ्यांना सांगितलं, ही माझी लेक!"

संध्याकाळी पुन्हा फोन आला. "अगं, परत लावलं तर तुझा आवाजच नाही. नुसती बासरी वाजतेय."

"वाजू दे. हात दिसतोय ना?"

"तो दिसतोय. पण मावशी उशिरा आली. तिला ऐकवायचं होतं."

"तिला तू सांग," सिस्टर म्हणाली आणि मग बराच वेळ फोन हातात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता खोलीत दोघंच होते. वहिनी कुत्र्याला घेऊन बागेत गेल्या होत्या, मोबाइलही तिकडेच. सिस्टरने मोजलं आणि आबांनी चहा संपवला. तिचा कप रोजच्यासारखा खिडकीत निवत होता. आबांचं आटोपलं, बशी धुऊन झाली, की मग ती तो उभ्याउभ्या संपवायची.

आबांनी डाव्या हाताचं बोट खिडकीकडे केलं, मग टेबलाकडे. तिला कळेना. त्यांनी पुन्हा केलं. तिने आपला कप आणून टेबलावर ठेवला.

"ए... क," आबा म्हणाले.

ती खुर्चीत बसली.

"दो... न."

तिसरा आकडा अडला. आबांचे ओठ हलत होते, कपाळावर घाम आला होता. तिने कपाच्या कानात बोटं घातली आणि कप न उचलता ती थांबली.