बिनमिठाची वडी

प्रतिमाने मिक्सरचं झाकण तळहाताने दाबून धरलं आणि पुन्हा एकदा बटण फिरवलं. भाजलेल्या दाण्यांचा आधी कूट झाला होता, मग त्या कुटाचे गोळे झाले, आणि आता भांड्याच्या कडेला तेल सुटू लागलं होतं. आणखी थोडं फिरलं की त्याचं सैलसर, चकचकीत लोणी होणार होतं. दुकानात ते बरणीत तयार मिळतं. मेहकरला तिने ती बरणी हातात घेऊनही पाहिली होती, पण त्यात मीठ होतं आणि सासूबाई सिंधूताईंच्या सोमवारांना मीठ चालत नव्हतं.

सिंधूताई दाराजवळ पाटावर बसून संध्याकाळच्या पूजेसाठी बेलाची पानं निवडत होत्या. फाटकं पान बाजूला, अखंड त्रिदळ ताम्हनात. चार वर्षांचा कुशल आतल्या खोलीत झोपला होता.

"काय म्हणते त्याले?" त्यांनी विचारलं.

"फज. मोबाईलवर पाहिलं. दाण्याचीच वडी हाये, आई. फक्त गॅसवर घोटत बसा लागत नाही."

"गॅसनं काय घोडं मारलं?"

"वेळ जातो न."

"तुह्या त्या डब्ब्यात गरगर फिरून वडीलेच चक्कर येईन."

प्रतिमा हसली, पण मागच्या सोमवारी नळाजवळ सिंधूताईंनाच चक्कर आली होती. हंडा खाली ठेवून त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि डोळे उघडल्यावर आधी म्हणाल्या होत्या, कोणाले सांगू नको, उपास सोडा म्हणतीन.

त्यांनी सोळा सोमवार धरले होते. कुशलच्या पाठीवर दुसरं लेकरू यावं म्हणून. तेव्हापासून दर सोमवारी शाळेतून घरी आल्या आल्या प्रतिमा त्यांच्यासाठी काहीतरी करायची. कधी राजगिऱ्याचे लाडू, कधी दुधातली रताळी. सिंधूताई ते गल्लीत दाखवून यायच्या. माही सून करते माह्यासाठी, शाळा करून. त्या असं म्हणाल्या की प्रतिमाला पदर उगाच सारखा करावासा वाटे.

फोन वाजला. सिंधूताईंच्या हाताला पानांचं पाणी लागलेलं होतं, म्हणून त्यांनी बोटाच्या पेराने स्पीकर लावला. वरवट बकालहून त्यांची लेक पुष्पांजली बोलत होती.

"आई, माह्या नणंदेले आठवा लागला. कुशलचा पाळणा इथी माह्याकडंच पडून हाये. तिले देऊ का?"

"नको देऊ. आमाले लागन."

"काही हाये का?" पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

"होईन न. आजचा धरून तीन सोमवार राह्यले. देव काय बहिरा हाये?"

"बरं. तिले सांगते मंग, दुसरा पाह्य म्हणून."

फोन बंद झाला. प्रतिमाने दाण्याचं लोणी काचेच्या भांड्यात काढलं, त्यात तूप टाकलं, पिठीसाखर टाकली. चमचा भांड्याला लागून वाजत राहिला. अडीच वर्षांपूर्वी मेहकरच्या दवाखान्यात तिने तांबी बसवून घेतली होती. तिचा नवरा उद्धव बाहेर गाडीजवळ उभा होता. येताना म्हणाला होता, आईले मी सांगीन, तू नको बोलू. मग दिवाळी गेली, आणखी एक दिवाळी गेली. सोमवार सुरू झाले तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं होतं आणि म्हणाला होता, होऊ दे, तिच्या मनाचं समाधान.

तिने भांडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. आतला दिवा लागला, भांडं फिरू लागलं. अर्धं मिनिटही झालं नसेल, दिवा विझला, डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला.

"गेली लाईन," सिंधूताई म्हणाल्या.

घर इतकं शांत झालं की आत झोपलेल्या कुशलचा श्वास ऐकू येऊ लागला. हाताला काही कामच उरलं नाही. प्रतिमाने मायक्रोवेव्हचं दार उघडलं, पुन्हा लावलं.

"आई, तो पाळणा देऊन टाका."

"काऊन?"

"आपल्याले नाही लागणार."

"असं अभद्र काऊन बोलून राह्यली माय?"

"मी तांबी बसवली हाये. कुशल दीड वर्षाचा होता तवाच."

सिंधूताईंनी हातातलं पान उलटसुलट करून पाहिलं. ते फाटलेलं नव्हतं. तरी त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"उद्धवले माहीत हाये?"

प्रतिमा ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"तेच घेऊन गेले होते."

"तो मले पानं आणून देते," सिंधूताई हळूच म्हणाल्या. "दर सोमवारी. सकाळी उठून. काटे लागतात त्याले."

त्या ओरडल्या असत्या, कपाळावर हात मारून घेतला असता, तर प्रतिमाला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या ताम्हनाकडे पाहत होत्या.

"दुसरं नकोच होय तुले?"

"नको म्हणजे..." तिने कोरडाच हात पदराला पुसला. "कुशल लहान होता तवा मी न्हाणीत नळ सोडून बसत होती. रडत नव्हती. नुसती बसत होती. तो इकडं रडून राह्यला असायचा अन् मले उठावसं वाटत नव्हतं. माय असून."

"माहीत हाये."

प्रतिमाने मान वर केली.

"टाकी रिकामी होत होती रोज," सिंधूताई म्हणाल्या. "मी त्याले खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होती. म्हटलं, बाळंतिणीचं अंग हाये, जाईन."

"कधी बोलल्या नाही तुम्ही."

"तू तरी कुठी बोलली? गेलं न पण ते?"

"गेलं. पुन्हा आलं म्हणजे?"

सिंधूताईंनी ताम्हनातली पानं बोटांनी सारखी केली. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. बराच वेळ ओरडली.

लाईन आली. पंखा कुरकुरत फिरू लागला आणि ताम्हनातली पानं हलली. प्रतिमाने पुन्हा एक मिनिट लावलं. भांडं बाहेर काढून तिने मिश्रण ढवळलं, तूप लावलेल्या ताटलीत ओतलं, वाटीच्या बुडाने थापलं आणि ताटली फ्रीजमध्ये ठेवली. मागे सिंधूताईंनी फोन उचलल्याचं तिला कळलं.

"पुष्पा, देऊन टाक तो पाळणा... नाही, झालं काही नाही. तिचं लेकरू काय आपल्यासाठी थांबणार हाये?... कोणी काही बोललं नाही बाई मले. सून? ती वड्या करून राह्यली. दे म्हटलं तं दे, धुऊन दे."

प्रतिमाला फ्रीजचं दार सोडवेना. थंड हवा पायावर येत राहिली.

वडी थोडी आळल्यावर तिने सुरीने चौकोन पाडले आणि ताटली सिंधूताईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

"उपास..." प्रतिमाने ताटली आणखी पुढे सरकवली. "आता कशाले करता, आई? चक्कर येते तुमाले."

"मधात सोडता येत नाही. धरला तं धरला."

त्यांनी कोपऱ्यातली वडी उचलली. दातांना, हिरड्यांना जड जाईल असं वाटून असेल, आधी थोडीशीच खाल्ली. मग उरलेली तोंडात टाकली आणि सावकाश चघळत राहिल्या.

"गोड जास्त झाली," त्या म्हणाल्या. "मऊ हाये पण."

"साखर कमी टाकीन पुढच्या वेळी."

"पण देवापुढं बसलं का काही तं मागा लागते न," मध्येच सिंधूताई म्हणाल्या. "इतके दिवस एकच मागत होती. आता काय मागू?"

प्रतिमाला वाटलं, त्या स्वतःशीच बोलताहेत. पण त्या तिच्याकडे पाहत होत्या. रागाने नाही, आणि फार मायेनेही नाही. दुकानातून काय काय आणायचं ते विचारावं तसं.

"मले काय समजते त्यातलं? तुमचे सोमवार, तुमचं मागणं."

"माह्यासाठी नाही विचारून राह्यली. तुह्यासाठी मागीन. तुले काय पायजे?"

प्रतिमाने तोंड उघडलं. काय नको ते तिला पाठ होतं. गेली अडीच वर्षं ती तेच मनात घोकत आली होती, आणि आता जिभेवर त्याच्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. तिने सुरी ताटलीत आडवी ठेवली, मग उभी केली.

सिंधूताई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. ताम्हन घेऊन नळाकडे जाताना दारात थांबल्या.

"दिवे लागायच्या आधी सांगजो," त्या म्हणाल्या. "पूजेत बसली का मंग मी बोलत नाही."